मिस्त्रींची एकुलती एक चूक

अकोल्याचे हुंगे मिस्त्री कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याला हुंगत असत. टाइपरायटर असो, शिलाईचे मशीन असो की एखाद्या वकिलाच्या बैठकीतले भिंतीवरचे घड्याळ असो, मिस्त्री प्रथम गुडघे टेकून बसत, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत, नाक यंत्राच्या पोटाशी नेत आणि डोळे मिटून घेत. हा विधी चालू असता कोणी बोललेले त्यांना खपत नसे. बोलणारा वकील असला तरी ते डोळे न उघडता हात वर करून त्याला थांबवीत आणि म्हणत, "बोलू नका जी, वासाले धक्का लागते." हुंगे हे त्यांचे आडनाव नव्हे. ते कचेरीच्या आवारातील लोकांनी थट्टेने ठेवले होते. परंतु मिस्त्रींना थट्टेत आपला गौरवच दिसला आणि अकोल्याच्या आपल्या दुकानाच्या पाटीवर त्यांनी तेच नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले.

मी अमरावतीच्या कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे आहे. तथापि माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषावरून परत आला असे उदाहरण आवारात कोणी दाखवावे. हे सांगण्यात आत्मस्तुतीचा हेतू नाही. समोरचा मनुष्य सांगतो त्यातले खरे किती आणि सोयीचे किती, हे ओळखणे हाच माझा धंदा आहे, एवढेच वाचकांच्या ध्यानात आणून द्यावयाचे आहे. मिस्त्री दर पंधरवड्यास बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीस येत, हत्यारांची पत्र्याची पेटी माझ्या मेजाखाली सरकवीत आणि आवारातील टाइपरायटरांची विचारपूस करावयास निघत. दुपारची भाकर आम्ही एकत्र खात असू. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही, असे मी समजतो.

मिस्त्रींचा दुसरा विशेष असा की "चूक माझी" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. एकदा त्यांनी दुरुस्त केलेल्या एका वकिलाच्या मशीनची घंटी ओळीच्या शेवटी वाजण्याऐवजी मध्येच वाजू लागली. वकील रागावले. मिस्त्रींनी शांतपणे सांगितले, "घंटी बरोबर हाय. तुमीच लाइन लांब लिवून राहिले." माझ्या चष्म्यावर ते एकदा बसले, तेव्हा चष्मा बसावयाच्या जागी ठेवणारा मनुष्य शहाणा कसा, असा उलट सवाल त्यांनी मलाच केला. मी अकोल्यास त्यांच्या घरी जेवावयास गेलो असता त्यांच्या पत्नीने भाकरी वाढता वाढता सांगितले, "लग्नात यायच्या हातून हार खाली पडला, तं म्हने नवरीची मान वाकडी होती." मिस्त्री जेवता जेवता गंभीरपणे म्हणाले, "होतीच."

असा हा गर्विष्ठ, फटकळ आणि कामात तरबेज मनुष्य. तेलाच्या बाबतीत मात्र त्यांचे बोलणे मला नेहमी विचारात पाडी. "मशीनले गंज मारत नाई," ते म्हणत, "गंज परका असते, दिसते, मानूस त्याले पुसून टाकते. मशीनले मारते तेल. थे आपलं म्हनून आत जाते, अन् आत जाऊन बसते." म्हणून ते आपल्या तेलाची डबी स्वतः बाळगीत आणि दुसऱ्याच्या घरचे तेल यंत्राला लावू देत नसत. ती लांब चोचीची पितळी डबी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी असे.

आता ज्या घटनेसाठी हे लिहावयास घेतले ती सांगतो.

माझ्या शेजारच्या मेजावर श्रीधर नावाचा टाइपिस्ट बसत असे. मी अर्ज हाताने लिहावा आणि त्याने तो मराठी मशीनवर टाइप करून द्यावा, अशी आमची जोडी होती. श्रीधर विषमज्वराने गेला. अंबागेटच्या आत त्याचे घर. घरी वृद्ध वडील आबाजी, धाकटा भाऊ वसंता, पत्नी आणि शाळेत जाणारी एक मुलगी. आबाजी पूर्वी भिक्षुकी करीत. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना कोणी बोलावीनासे झाले होते. वसंता कचेरीत कारकून होता आणि आपला संसार वेगळा थाटण्याच्या विचारात होता. श्रीधरच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, टाइप करणे नवऱ्यानेच शिकविले होते. तेराव्यानंतर मी माझे लिहिलेले अर्ज त्यांच्या घरी पोचविण्यास सुरुवात केली. त्या मशीनवर आबाजींचे, मुलीचे आणि वहिनींचे पोट चालू लागले. आवारातील काही मंडळींनी बाईमाणसाने कचेरीचे काम करण्यावर शेरे मारले. परंतु वहिनींच्या टाइपात खाडाखोड नसे आणि मजकूर माझा असे, त्यामुळे ते शेरे टिकले नाहीत.

दीडदोन वर्षांनी मशीन बिघडू लागले. प्रथम एखाद-दुसरे अक्षर कागदावर आपटून वरच राही, आणि वहिनी ते नखाने ओढून खाली घेत. मग अशी अक्षरे वाढत गेली. एका अर्जाला लागणारा वेळ चौपट झाला, कामे उशिरा येऊ लागली, आणि शेवटी एके दिवशी अक्षरांचे सगळे दांडे जागच्या जागी असे घट्ट बसले की बोटाने दाबून एकही हलेना. वसंताने घरात सांगून टाकले की, वहिनी स्वयंपाकाच्या तेलकट हातांनी मशीन बडवतात, त्याचेच हे फळ आहे. आता मशीन मोडीत काढावे आणि वहिनींनी मुलीला घेऊन तेल्हाऱ्याला माहेरी जावे. तेल्हाऱ्यास वहिनींचे भाऊ होते, पण विधवा बहिणीला आणि भाचीला जन्मभर सांभाळतील असे ते भाऊ नव्हते, हे वहिनी जाणून होत्या. मशीन चालणे आणि वहिनींचे त्या घरात राहणे, या दोन गोष्टी त्या दिवशी एकच झाल्या होत्या. मी वसंताला मिस्त्री येईपर्यंत थांबण्यास सांगितले. माझ्या वयाचा मान राखून तो थांबला.

मिस्त्री आले ते थेट माझ्याबरोबर अंबागेटला. ओसरीवर पाटावर मशीन ठेवलेले. आबाजी भिंतीला टेकून जपमाळ ओढीत बसले होते. वसंता दारात उभा होता, वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मिस्त्रींनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि नाक मशीनच्या पोटाशी नेले. ते नेहमीपेक्षा फार वेळ हुंगत राहिले. मग त्यांनी चिमट्याने एक दांडा उचकून पाहिला, बोटावर काही घासले, पुन्हा हुंगले, आणि पांढऱ्या फडक्याने दांड्यांच्या मुळाशी पुसले. फडक्यावर आला तो राळेसारखा चिकट, तांबूस थर.

"जवस," मिस्त्री म्हणाले. "जवसाचं तेल हाय. थे वाळलं का डिंक होते. अन् हे एका दिवसाचं काम नाई. थरावर थर हाय. रोज कोनी घालून राहिलं."

घरात जवसाचे तेल होते ते देवघरात. हात आखडल्यापासून समईला गोडे तेल परवडत नव्हते, म्हणून जवसाचे जाळीत. वसंता लगेच वहिनींकडे वळला. "रोज सकाळी समई कोण लावतं? तुम्हीच ना? त्याच हातानं हे उपद्व्याप. अन् वर मिस्त्रीला बोलावणं." वहिनी खाली पाहत म्हणाल्या, "असेल. माझ्याच हातून झालं असेल." मला त्यांचा राग आला. न केलेला गुन्हा कबूल करणारे अशील अर्जनवीसाला सर्वांत अवघड.

तेवढ्यात आबाजींनी जपमाळ थांबवली आणि आवाजाच्या रोखाने तोंड करून विचारले, "काय झालं हो मिस्त्री? यंत्राला काही दोष आहे का? मी तर त्याला रोज..." असे म्हणत त्यांनी मशीनच्या दिशेने उजवा हात पुढे केला.

मिस्त्रींनी तो हात पाहिला, आणि तो मलाही दिसला. अनामिकेचे टोक कुंकवाने कायमचे तांबडे झालेले आणि तेलाने चकचकीत होते. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा करावी ही सगळ्यांची रीत आहे. श्रीधरही वर्षातून एकदा मशीनला हळदकुंकू वाही. पण मुलगा गेल्यावर त्याच मशीनने घर तारले, म्हणून या म्हाताऱ्याने त्याची रोजची पूजा सुरू केली होती. घर उठण्यापूर्वी तो समईत बोट बुडवी, कुंकवात टेकवी आणि अर्धचंद्रासारख्या मांडलेल्या दांड्यांच्या मुळाशी चाचपडत ते पुसी. ते यंत्राचे मुख आहे, अशी त्याची समजूत होती. पोशिंद्या देवाला तो रोज घास भरवीत होता.

मिस्त्रींनी आबाजींचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. त्यांनी फडके मुठीत चुरगाळले, वसंताकडे पाहिले आणि म्हणाले, "बाईंले बोलू नका. चूक माही हाय."

मला ऐकण्यात चूक झाली असे वाटले.

"श्रीधरभौ गेले त्याच्या आदल्या खेपेले मशीन म्याच साफ केलं. डबी बदलली. जवसाची डबी ओतली मशीनमंदी. थे आत मुरत गेलं. रोज घातलं म्हनालो थे उगीच म्हनालो, सोताची चूक झाकाले. काम फुकट करून देतो."

वसंता मिस्त्रींना जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. वकिलाला हात वर करून थांबविणारा तो मनुष्य एका पोरगेल्या कारकुनापुढे बसून ऐकत राहिला. वहिनींनी एकदा तोंड उघडले, पण मिस्त्रींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्या आत निघून गेल्या.

काम तीन दिवस चालले. वाळलेले जवस रॉकेलने सुटत नाही. मिस्त्रींनी एकेक दांडा खोलून वहिनींच्या मोठ्या पातेल्यात धुण्याच्या सोड्यात उकळविला, रॉकेलने धुतला, उन्हात वाळविला आणि पुन्हा बसविला. सोड्याने मशीनची झिलई गेली. सोनेरी नक्षी, काळा रंग, सगळे उडाले आणि उघड्या लोखंडाचे ते मशीन आजाऱ्याचे डोके भादरावे तसे दिसू लागले. 'ळ'चा दांडा तुटला. तो त्यांनी डाग देऊन जोडला, पण तेव्हापासून ते अक्षर ओळीच्या किंचित वर उमटते. कोणी ते दाखविताच एरवी त्यांनी लोखंडाला, बनविणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दोष दिला असता. या वेळी ते काही बोलले नाहीत.

निघण्यापूर्वी ते आबाजींपुढे बसले. "आबाजी, तुमी जानते मानूस. या यंत्राचं सोवळं लई कडक हाय. आत फक्त जो ठोकते त्याच्याच बोटांले मुभा. दुसऱ्या कोनाचा हात गेला का थे बाटते. पूजा करा, पन झाकन लावून, वरून. गंध झाकनाले." जातीने लोहार असलेल्या मिस्त्रींनी भिक्षुकाला सोवळे सांगावे याचे आबाजींना काहीच वाटले नाही. त्यांनी गंभीरपणे मान हलविली. "बरं सांगितलंत," ते म्हणाले, "माझ्या हातून अपराध घडला असता." त्या दिवसापासून आबाजींचे बोट झाकणाच्या खाली कधी गेले नाही.

स्टेशनच्या वाटेवर मी मिस्त्रींना छेडले. श्रीधर असताना ते मशीन साफ झाले तेव्हा मी शेजारीच होतो आणि डबी त्यांच्या छातीशी होती, हे मी त्यांना सुनावले. खोटे कशाला बोललात, असे विचारले.

"अर्जनवीस," ते म्हणाले, "तुमी अर्जात काय खरं तेवढंच लिवता?" थोडे चालून मग म्हणाले, "म्हाताऱ्याले समजलं असतं का आपल्या हातानं नातीचा घास गेला, तं तो पुन्हा जेवला नसता. बाई आपल्या अंगावर घेऊन राहिली होती, तिले घराबाहेर जा लागलं असतं. माह्यं काय? माही दुकानदारी नाकावर हाय." म्हातारा हयात आहे तोवर तोंड उघडणार नाही, असे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले.

मात्र त्यांची दुकानदारी नावावर होती, नाकावर नव्हे. वसंताने ती गोष्ट कचेरीत सांगितली. कचेरीतून ती आवारात, आवारातून अकोल्यापर्यंत गेली. ज्याने कधी चूक कबूल केली नाही त्याने कबूल केली, म्हणजे ती केवढी असेल, असा हिशेब लोकांनी केला. काही गिऱ्हाइके तुटली. जी राहिली त्यांनी एक नवीन रीत सुरू केली: मिस्त्री पेटी उघडून बसले की आधी त्यांची पितळी डबी मागून घ्यावयाची आणि हुंगून पाहावयाची. मी हे आमच्या आवारात डोळ्यांनी पाहिले आहे. एक पोरसवदा टाइपिस्ट डबी नाकाशी धरून म्हणाला, "जवस नाई ना मिस्त्री?" आणि बाकीचे हसले. मिस्त्रींनी डबी परत घेतली, चोच धोतराने पुसली आणि काम केले. त्यानंतर ते अमरावतीस आले नाहीत.

काही वर्षे अकोल्याचे दुकान कसेबसे चालले. मग पाटी उतरली आणि मिस्त्री सरकी काढण्याच्या एका जिनात यंत्रांना तेल घालावयाच्या नोकरीवर लागले. कापसाचा फुफाटा दिवसभर उडत असे, तो त्यांच्या छातीत आणि नाकात बसला. दरम्यान अमरावतीत वहिनींचे मशीन चालत राहिले. मुलगी मॅट्रिक झाली. वसंता वेगळा झाला. आबाजी झाकणाला गंध लावीत पुष्कळ जगले आणि झोपेतच गेले.

आबाजींचे तेरावे आटोपल्यावर माझा शब्द संपला. मी त्याच आठवड्यात एक सविस्तर निवेदन लिहिले. कचेरीतील वरिष्ठांपासून बाररूमपर्यंत ते वाचले जावे आणि मिस्त्रींचे नाव स्वच्छ व्हावे असा त्याचा हेतू होता. माझ्या हातून उतरलेला तो सर्वोत्तम मजकूर होता, असे मी आजही म्हणतो. तो घेऊन मी अकोल्यास गेलो. मिस्त्री जिनाच्या मागे एका खोलीत खाटेवर होते. अंगावर हाडे तेवढी उरली होती आणि बोलताना दर वाक्याला खोकला अडवीत होता. मी केवड्याचे अत्तर नेले होते. त्यांनी ते हुंगले आणि बाटली परत दिली. "आता रॉकेल अन् अत्तर एकच," ते म्हणाले.

मी निवेदन वाचून दाखविले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, यंत्र हुंगताना मिटत तसे.

"चांगलं लिवलं," ते म्हणाले. "पन बाई तिथंच रायते ना अजून? आवाराचंच काम करते ना? सासऱ्यानं मशीनले जवस पाजलं, ही गोष्ट सुटली का लोक मेलेल्या म्हाताऱ्याले हसतीन. बाईले थे आयकत बसा लागन." ते दम घ्यावयास थांबले. "फाडा."

मी म्हणालो, तुमच्या नावाचे काय?

"चूक माहीच राहू द्या."

मी माझ्या हाताने लिहिलेला मजकूर आयुष्यात प्रथमच फाडला. त्यानंतर आठवडाभरातच मिस्त्री गेले. अकोल्यास त्यांच्या अंत्ययात्रेत मी आणि जिनातले चार गडी होतो. ज्यांची मशीने त्यांनी वर्षानुवर्षे चालती ठेवली त्यांच्यापैकी कोणी नव्हते.

परतल्यावर मी वहिनींकडे गेलो. मिस्त्री गेल्याचे सांगितले आणि मग, आता लपविण्याजोगे कोणी उरले नाही असे समजून, आबाजींच्या बोटाची हकीकतही सांगितली. वहिनींनी ती ऐकून घेतली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी ते कुंकू मीच पुसत होते. तेल पुसलं जात नव्हतं."

मग त्यांना सांगितले का नाही, असे मी विचारले.

"काय सांगायचं होतं त्यांना? तुम्हाला एवढं लिहिता येतं भाऊजी, तुम्ही काय सांगितलं असतं?"

वहिनी उठून आत गेल्या आणि मिस्त्रींची पितळी डबी घेऊन आल्या. अमरावतीची शेवटची खेप झाली त्या दिवशी मिस्त्री ती त्यांच्या दारात ठेवून गेले होते, हे मला तेव्हा कळले. हे सारे लिहिण्यास वहिनींची संमती आहे. आबाजींना ओळखणारे आता आवारात कोणी राहिले नाहीत, आणि मिस्त्रींना ओळखणारे थोडे आहेत. त्या थोड्यांनी हे वाचावे, अशी विनंती आहे.

त्या दिवशी वहिनींकडे माझाच एक अर्ज टाइप व्हावयाचा होता. त्यांनी मशीनचे झाकण काढले, डबीची चोच नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. मी काही बोलावयास गेलो, तर डोळे न उघडताच त्यांनी हात वर करून मला थांबविले.